लिझे माइटनर : जादा न्यूट्रॉनांचा हिशेब

या सदरात आजवर कीर्तनकार, नट, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक अशा मंडळींची चरित्रे आली. या खेपेस आम्ही व्हिएन्नात जन्मलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंचे चरित्र सांगणार आहोत. त्यांचा आणि पेडण्याचा काय संबंध, असे सभासदांना वाटेल. आम्हाला तो एका सभासदाच्या घरीच सापडला.

त्या घरच्या काकींना थायरॉइडच्या आजारासाठी किरणोत्सारी आयोडीनची गोळी देण्यात आली होती. घरी आल्यावर काही दिवस वेगळी खोली, वेगळे ताट-तांब्या, आणि नातवंडांना जवळ घ्यायचे नाही, अशी सूचना होती. सोवळे म्हणून घरात थट्टा झाली. पण शाळेत जाणाऱ्या नातीचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आजीच्या पोटात गेलेल्या औषधातून किरण का निघतात आणि ते आपोआप कमी कसे होतात, असे तिने विचारले. तिला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही पुस्तके काढून बसलो आणि वाचता वाचता लिझे माइटनर यांच्यापाशी येऊन पोचलो.

उत्तर थोडक्यात असे. मिठातल्या आयोडीनच्या अणूच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात. ते केंद्रक कायम टिकते. औषधातल्या आयोडीनमध्ये प्रोटॉन ५३च, पण न्यूट्रॉन ७८. हे चार जादा न्यूट्रॉन केंद्रकाला पेलत नाहीत. केव्हातरी त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो. तोच बीटा किरण. प्रोटॉन ५४ झाल्यामुळे आयोडीनचा झेनॉन वायू बनतो. एकूण अणूंपैकी निम्मे ८ दिवसांत असे बदलतात, उरलेल्यांपैकी निम्मे पुढच्या ८ दिवसांत, आणि ८० दिवसांनी मूळच्या हजारावा भाग शिल्लक राहतो. घटत्या शिलकीवर घसारा काढायची बँकेतली रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बीटा किरण शरीरात एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत, ते ग्रंथीतच आपले काम करतात. त्यांच्यासोबत निघणारे गॅमा किरण मात्र अंगाबाहेर येतात. वेगळी खोली त्यांच्यासाठी.

न्यूट्रॉन जास्त झालेली केंद्रके अशी का बदलतात, कोणत्या क्रमाने बदलतात आणि त्या वेळी किती ऊर्जा बाहेर पडते, हा माइटनरबाईंचा आयुष्यभराचा विषय.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १८७८मधला. आठ भावंडांत त्या तिसऱ्या. वडील वकील, घराणे ज्यू, घरात संगीत आणि पुस्तके भरपूर. पण त्या काळच्या व्हिएन्नात मुलीची शाळा चौदाव्या वर्षी संपत असे. पुढे शिकायचे तर फ्रेंच भाषेची शिक्षिका होण्याएवढेच. लिझे यांनी तोही अभ्यास पुरा केला. १८९७मध्ये ऑस्ट्रियातल्या विद्यापीठांनी मुलींना दार उघडले, तेव्हा राहून गेलेला आठ वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि १९०१मध्ये प्रवेश-परीक्षा दिली. चौदा मुली बसल्या होत्या, चार उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठात त्यांना लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखा शिक्षक लाभला आणि १९०६मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळाली.

१९०७मध्ये त्या बर्लिनला आल्या ते माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकायला, काही सत्रांपुरत्या. राहिल्या ३१ वर्षे. तिथे त्यांची गाठ ओटो हान या रसायनशास्त्रज्ञाशी पडली. दोघांच्या वयात चार महिन्यांचे अंतर. हान रसायने वेगळी करण्यात तरबेज, या मोजमापात आणि गणितात. जोडी जमली, पण बसायचे कुठे? एमिल फिशर यांच्या रसायन संस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. शेवटी तळघरातली सुताराची जुनी खोली दिली, बाहेरून वेगळ्या दाराची, आणि वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचे नाही या अटीवर. वर हान यांच्या टेबलावर काय चालले आहे ते बघायचीही सोय नव्हती. शौचालयासाठी रस्त्यावरच्या उपाहारगृहात जावे लागे. पगार नव्हताच. घरून येणाऱ्या पैशांत पाव आणि कॉफीवर दिवस काढावे लागत.

आपल्याकडे कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना आधी नाकारले आणि मग वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर घेतले, हे दुर्गाबाईंच्या वाचकांना ठाऊक असेल. बर्लिनची गोष्ट त्याच्या पाव शतक आधीची. फिशर यांच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की प्रशियात स्त्रियांना विद्यापीठे खुली झाल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि बाईंसाठी शौचालयही बांधून दिले. १९१२नंतर दोघे शहराबाहेरच्या डालेम भागातल्या नव्या संस्थेत गेले. तिथेही पहिले काही महिने बाई बिनपगारी पाहुण्या होत्या. मधे महायुद्ध आले, त्यात ऑस्ट्रियन सैन्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्र चालवून झाले, आणि युद्ध संपता संपता दोघांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा दीर्घायुषी प्रकार शोधला. १९२६मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदी बसलेली ही पहिली स्त्री.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी आम्हाला हे चरित्र लिहावेसे वाटले.

बँकेत असताना संध्याकाळी जमा-नावे जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. चार आण्यांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत खाती उलटीपालटी केल्याचे आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. बीटा किरणांत असाच एक फरक निघाला होता आणि तो जवळजवळ वीस वर्षे जुळला नाही. एकाच प्रकारचे केंद्रक एकाच प्रकारे बदलते, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जा सारखीच असायला हवी. माइटनर आणि हान तसेच धरून चालले होते. पण १९१४मध्ये जेम्स चॅडविक यांना बर्लिनमध्येच आढळले की इलेक्ट्रॉन शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत वाटेल त्या ऊर्जेचे निघतात. मग उरलेली ऊर्जा जाते कुठे?

माइटनरबाईंचे म्हणणे असे की निघताना सगळ्यांची ऊर्जा सारखीच असते, वाटेत ती कमी-जास्त खर्च होते. केंब्रिजचे चार्ल्स एलिस म्हणत की नाही, निघतानाच ती वेगवेगळी असते. हा वाद छापील लेखांतून वर्षानुवर्षे चालला. १९२७मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी किरणोत्सारी बिस्मथ एका बंद उष्णतामापकात ठेवले. वाटेत खर्च झालेली ऊर्जाही आतच राहणार, म्हणजे एकूण उष्णता मोजली की निकाल लागला. बाईंचे खरे असते तर दर केंद्रकामागे सुमारे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळायला हवे होते. मिळाले साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे इलेक्ट्रॉनांची निव्वळ सरासरी.

बाईंचा यावर विश्वास बसला नाही. त्यांनी विल्हेल्म ऑर्थमान यांना बरोबर घेऊन अधिक काटेकोर उपकरण उभे केले आणि तोच प्रयोग नव्याने केला. उत्तर आले ३ लाख ३७ हजार. विरोधकाचा आकडा त्यांच्याच टेबलावर निघाला होता. तो त्यांनी जसाच्या तसा छापला, एलिस बरोबर होते हे मान्य केले, आणि शिवाय ही नाहीशी झालेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपानेही निसटत नाही, हे तपासून दाखवले. पळवाटेचे एक दार उघडे होते तेही त्यांनी स्वतःच बंद केले. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामात हा प्रयोग सर्वांत मोठा. विखंडनाची कीर्ती पुढची आहे, पण माणूस कळतो तो इथे.

आता फरक पक्का झाला होता. नील्स बोर यांच्यासारखा मोठा माणूस म्हणू लागला की केंद्रकात कदाचित ऊर्जेचा हिशेब जुळतच नसेल. डिसेंबर १९३०मध्ये ट्युबिंगेन इथे किरणोत्साराच्या अभ्यासकांची सभा होती, माइटनरबाई तिथे होत्या. वोल्फगांग पाउली येऊ शकले नाहीत, कारण झुरिकमध्ये त्यांना नृत्याच्या एका समारंभाला हजर राहायचे होते! त्यांनी सभेला एक पत्र पाठवले. इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असावा, विद्युतभार नसलेला, पकडता न येणारा, आणि राहिलेली ऊर्जा तो नेत असावा, अशी भीतभीत केलेली सूचना त्यात होती. या कणाला पुढे एन्रिको फर्मी यांनी न्यूट्रिनो म्हटले. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले.

१९३४मध्ये फर्मी यांनी रोममध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि युरेनियमपलीकडची नवी मूलद्रव्ये मिळाल्यासारखी दिसली. माइटनरबाईंनी हान यांना या कामात ओढले. फ्रिट्झ श्ट्रासमान हा तरुण रसायनज्ञ तिसरा. त्यांना चमत्कारिक साखळ्या दिसू लागल्या. एक न्यूट्रॉन आत गेला की पदार्थ बीटा किरण टाकून दुसरा होई, तो तिसरा, मग चौथा. तिघांनी त्यांना ९३, ९४, ९५, ९६ अशा क्रमांकाची मूलद्रव्ये ठरवले. एका न्यूट्रॉनने इतक्या पायऱ्या कशा होतात, हे कोडे बाईंना सलत होते, पण चार वर्षे उत्तर मिळाले नाही. केंद्रक फुटत असेल, अशी शक्यता इडा नोडाक या बाईंनी १९३४मध्येच मांडली होती. तिकडे कोणी लक्ष दिले नाही, माइटनरबाईंनीही नाही.

दरम्यान बाहेर हिटलरची राजवट आली होती. १९३३मध्ये ज्यू म्हणून बाईंचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क गेला, पण ऑस्ट्रियन नागरिक असल्याने संस्थेतले काम चालू राहिले. मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांचे पारपत्र एका रात्रीत रद्दी झाले. नवे मिळेना, देश सोडायला बंदी. वय ५९. शेवटी नेदरलँड्सचे डिर्क कोस्टर त्यांना न्यायला आले. १२ जुलैला संध्याकाळी आठपर्यंत बाई संस्थेत एका तरुणाचा लेख तपासत होत्या, मग दीड तासात दोन लहान बॅगा भरल्या. सामानात १० मार्क होते. हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी दिली, सीमेवर शिपायाचे तोंड बंद करायची वेळ आली तर. १३ जुलैला आगगाडीने त्या पार झाल्या. पत्रादेवीची सीमा आपल्याच तालुक्यात असल्यामुळे चौकी, कागद आणि शिपायाची नजर म्हणजे काय हे आपल्या ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही.

स्टॉकहोममध्ये त्यांना जागा मिळाली, पण उपकरणे नाहीत, मदतनीस नाहीत, पगार जेमतेम. बर्लिनचे काम पत्रांवर चालू राहिले. नोव्हेंबरमध्ये त्या आणि हान कोपनहेगनला गुपचूप भेटले, आणि मिळालेल्या निकालांची पुन्हा कसून परीक्षा घ्या असा त्यांनी आग्रह धरला. डिसेंबरमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना त्या परीक्षेत बेरियम सापडले. युरेनियमच्या निम्म्या वजनाचे मूलद्रव्य! हान यांनी पत्र लिहून बाईंना याचा अर्थ विचारला.

नाताळात त्या स्वीडनच्या कुंगेल्व गावी मित्रांकडे गेल्या होत्या. भाचा ओटो रॉबर्ट फ्रिश तिथे आला. दोघे बर्फातून फिरायला निघाले, तो स्कीवर, मावशी पायी. एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर गणित केले. केंद्रक म्हणजे पाण्याचा थेंब धरला, तर धक्क्याने तो लांबून मधोमध तुटू शकतो. तुकड्यांच्या एकमेकांना ढकलण्यातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा निघेल. ती येणार कुठून? बाईंना केंद्रकांच्या वजनांचे सूत्र पाठ होते. तुकड्यांचे वजन मूळच्यापेक्षा प्रोटॉनच्या एक-पंचमांशाने कमी भरत होते, आणि आइन्स्टाइनच्या समीकरणाने त्याची ऊर्जा काढली तर नेमकी २० कोटी. ते समीकरण त्यांनी १९०९मध्ये साल्झबुर्गला खुद्द आइन्स्टाइनच्या व्याख्यानात ऐकले होते. हा हिशेब मात्र जागच्या जागी जुळला.

त्याबरोबर लांबलचक साखळ्यांचे कोडेही सुटले. जड केंद्रकात न्यूट्रॉनांचे प्रमाण जास्त लागते. विखंडन होणाऱ्या युरेनियममध्ये दर १०० प्रोटॉनांमागे सुमारे १५५ न्यूट्रॉन असतात. टिकाऊ बेरियमला १४६ पुरतात. युरेनियम फुटले की दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला झेपणार नाहीत एवढे न्यूट्रॉन येतात, वाटणीत लहान घरात मोठ्या वाड्याचे सामान यावे तसे. मग ते एकेक करून प्रोटॉनमध्ये बदलू लागतात. १४० वजनाचा तुकडा घ्या. तो झेनॉन असतो तेव्हा त्याचे अर्धायुष्य १४ सेकंद, त्याचा सीझियम होतो तो सुमारे एक मिनिट, मग बेरियम जवळजवळ १३ दिवस, मग लँथॅनम ४० तास, आणि शेवटी सीरियम, जो कायमचा टिकतो. चार पायऱ्या, चार बीटा किरण. हान यांच्या भांड्यात होते ते असे बेरियम आणि लँथॅनम. याचा अर्थ असाही होता की चार वर्षे छापलेली ९३ ते ९६ क्रमांकांची मूलद्रव्ये म्हणजे हेच तुकडे होते. आपले इतक्या वर्षांचे काम खोडणारा खुलासा बाईंनी आणि भाच्याने स्वतःच लिहिला, आणि तो ११ फेब्रुवारी १९३९च्या नेचरमध्ये आला. खोडले गेले नाही ते एक, २३ मिनिटांचे अर्धायुष्य असलेले युरेनियम. त्याच्या ऱ्हासातून ९३ क्रमांकाचे खरे मूलद्रव्य बनते. ते १९४०मध्ये अमेरिकेत सापडले.

कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात आज हेच तुकडे रोज तयार होतात. अणुभट्टी बंद केली की विखंडन तत्काळ थांबते, पण तुकड्यांचा ऱ्हास थांबत नाही. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता त्यातून येतच असते आणि ती हळूहळू उतरते. म्हणून बंद भट्टीलाही पाणी फिरवत ठेवावे लागते. मार्च २०११मध्ये जपानच्या फुकुशिमात ते फिरवता आले नाही. १९५६मध्ये न्यूट्रिनो पकडला गेला तोही अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ, याच जादा न्यूट्रॉनांच्या तुकड्यांतून निघालेला. माइटनरबाई तेव्हा ७७ वर्षांच्या होत्या. आपली पहिली अणुभट्टी अप्सरा ट्रॉम्बेला सुरू झाली तीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

श्रेयाची गोष्ट कडू आहे. हान आणि श्ट्रासमान यांचा लेख जानेवारी १९३९मध्ये आला तेव्हा पळून गेलेल्या ज्यू बाईचे नाव त्यावर घालणे त्या दोघांना धोक्याचे होते, हे आम्ही समजू शकतो. पण पुढे हान म्हणत राहिले की विखंडन हा निव्वळ रसायनशास्त्राचा शोध होता. युद्ध संपल्यावर भीती उरली नव्हती, तरी त्यांनी सूर बदलला नाही. १९४४चे रसायनशास्त्राचे नोबेल नोव्हेंबर १९४५मध्ये एकट्या हान यांना जाहीर झाले. बाईंचे नाव वेगवेगळ्या वर्षी चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेले होते, पारितोषिक कधीच मिळाले नाही. हान यांनी सीमेवर उपयोगी पडावी म्हणून आईची अंगठी काढून दिली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत आणि आम्हाला त्यांची वजावट करता येत नाही.

बाईंनी मैत्री तोडली नाही. पण हिटलरच्या काळात जर्मनीत राहून काम करणाऱ्यांनी निष्क्रिय राहून काय केले, हे त्यांनी हान यांना युद्ध संपताच स्पष्ट शब्दांत लिहिले. १९३३मध्येच आपण बर्लिन सोडायला हवे होते, न सोडणे ही आपलीही नैतिक चूक होती, असेही त्या मानत. अणुबाँबच्या कामासाठी १९४३मध्ये बोलावणे आले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. भाचा गेला, त्या गेल्या नाहीत. हिरोशिमानंतर वृत्तपत्रांनी त्यांना बाँबची आई ठरवले, याचा त्यांना फार त्रास झाला.

१९६०पर्यंत त्या स्वीडनमध्ये होत्या, मग भाच्याजवळ केंब्रिजला गेल्या. १९६६मध्ये अमेरिकेचा फर्मी पुरस्कार हान, माइटनर आणि श्ट्रासमान या तिघांना मिळाला, नोबेलनंतर वीस वर्षांनी तिन्ही नावे एका ओळीत आली. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७मध्ये माइटनेरियम हे नाव अधिकृतपणे मिळाले. हान यांच्या नावाने सुचवलेले नाव त्याच वर्षी यादीतून गळाले.

२८ जुलै १९६८ रोजी हान वारले. बाई खूप थकल्या होत्या, म्हणून घरच्यांनी त्यांना ते सांगितले नाही. २७ ऑक्टोबरला त्याही गेल्या. हॅम्पशरमधल्या ब्रॅमली गावच्या चर्चच्या आवारात धाकटा भाऊ वाल्टर याच्या शेजारी त्यांना पुरले आहे.